लेस्टरमधील व्हिक्टोरियन रांगघर: भिंतीची ओल, जुन्या खिडक्या आणि दुरुस्तीचा क्रम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधील लेस्टर शहरात आपण उभयतांनी १८८० च्या दशकात बांधलेले, रांगेतले दुमजली घर विकत घेतले आहे. दर्शनी खोलीच्या भिंतीला जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल दिसते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. ओल थांबवण्याची कामे करणाऱ्या एका कंपनीने ही जमिनीतून वर चढणारी ओल असल्याचे सांगून भिंतीत रसायन टोचण्याचे आणि आतून सिमेंटचा जलरोधक गिलावा करण्याचे दरपत्रक दिले आहे. त्याच हाताने जुन्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवाव्यात आणि मधल्या खोलीत पुढे आलेला धुराड्याचा भाग पाडून स्वयंपाकघर मोठे करावे, असा आपला विचार आहे. यांतले काय आधी करावे, काय करूच नये, आणि या घरात जपण्याजोगे नेमके काय आहे, असे आपण विचारले आहे.

या तिन्ही कामांपैकी एकही आज सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वरवर पाहता ही कामे वेगवेगळी वाटतात, पण तिघांचा परिणाम एकाच ठिकाणी होतो. हे घर ज्या काळी बांधले गेले, त्या काळी भिंतीत शिरलेले पाणी भिंतीतूनच उडून जावे आणि घरातली दमट हवा धुराड्यातून व खिडक्यांच्या फटींतून बाहेर पडावी, अशी त्याची योजना होती. रसायन आणि सिमेंट भिंत बंद करतात, प्लास्टिकच्या खिडक्या फटी बंद करतात आणि धुराडे पाडले की हवेचा उभा मार्ग बंद होतो. तिन्ही कामे एकाच हिवाळ्यात झाली, तर आज एका भिंतीवर असलेली ओल पुढच्या हिवाळ्यात चारही भिंतींवर दिसू लागते.

घर कोणत्या परिस्थितीत उभे राहिले हे समजले, की दुरुस्तीचे निम्मे निर्णय आपोआप होतात. विणमाल आणि पादत्राणे यांच्या कारखान्यांमुळे लेस्टर झपाट्याने वाढले. १८६१ मध्ये सुमारे ६८ हजार असलेली लोकसंख्या, शहराची हद्द वाढवल्यानंतर, १९०१ मध्ये दोन लाखांच्या वर गेली. या माणसांसाठी रस्तेच्या रस्ते घरे उठवणारे लहानमोठे बांधकाम व्यावसायिक पुढे आले. नॉर्थ एव्हिंग्टनचा बराच भाग उभारणारे आणि पुढे शहराचे महापौर झालेले वास्तुकार आर्थर वेकरली हे त्यांतले ठळक नाव, पण बहुतेक घरे अनाम गवंड्यांनी आणि सुतारांनी, एका वेळी चार-सहा अशी बांधली. त्यांच्या पथ्यावर पडलेल्या गोष्टी अनेक होत्या. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये, विटांवरील कर १८५० मध्ये आणि खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये रद्द झाला होता, आणि रेल्वेमुळे वेल्समधील पातळ, हलकी पाटीदगडाची कौले मध्य इंग्लंडात स्वस्तात पोहोचू लागली होती. लेस्टरच्या जवळच स्विथलँड येथे जाड, खडबडीत पाटीदगड निघत असे. वेल्सच्या मालापुढे त्या खाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडल्या. आपल्या भागात एखाद्या जुन्या घरावर खालून वर लहान होत जाणारी जाड कौले दिसली, तर ती बहुधा स्विथलँडची असतात आणि ते घर आपल्या घरापेक्षा वयाने थोर असते.

याहून महत्त्वाचा भाग कायद्याचा आहे. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर १८७७ मध्ये सरकारने नमुना उपविधी प्रसिद्ध केले आणि ठिकठिकाणच्या नगरपालिकांनी त्यांच्या आधारे आपापले नियम केले. गाड्यांच्या नव्या रस्त्याची रुंदी किमान ३६ फूट असावी आणि प्रत्येक घरामागे किमान १५० चौरस फूट मोकळी जागा असावी, अशा अटी त्यांत होत्या. इंग्लंडातल्या असंख्य शहरांत एकसारखे दिसणारे सरळ, रुंद रस्ते आणि घरांमागची फरसबंद अंगणे यातून आली. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने कळीची अट वेगळीच आहे: भिंतीच्या पायथ्याशी शिसे, डांबर किंवा सिमेंटमध्ये बसवलेले पाटीदगड यांचा ओल अडवणारा थर घालणे त्या उपविधींत आवश्यक मानले होते. म्हणजे १८८० च्या दशकातल्या आपल्या भिंतीत असा थर आधीच असण्याची शक्यता मोठी आहे. बाहेरून पाहिल्यास जोत्याजवळ, जमिनीपासून दोन-तीन विटांच्या थरांवर, इतर सांध्यांपेक्षा जाड अशी एक काळसर रेघ आडवी गेलेली दिसते. दगडी पाटी शंभर-सव्वाशे वर्षांत सहसा मरत नाही. तिला वळसा घालून पाणी वर जाण्याची वाट मात्र माणसे हौसेने तयार करतात.

ती वाट कशी तयार होते, हे आपल्याच घरासमोर उभे राहून पाहता येईल. समोरच्या लहानशा अंगणात फरशीवर फरशी घालून, किंवा मागच्या अंगणात काँक्रीट ओतून, बाहेरची जमीन वर्षानुवर्षे उंच होत जाते. ती त्या थराच्या खाली किमान १५० मिलिमीटर असायला हवी. ती थराच्या बरोबरीला किंवा वर गेली, की पावसाचे पाणी थेट वरच्या विटांना लागते. कधी बाहेरून केलेला सिमेंटचा गिलावा जमिनीपर्यंत उतरवलेला असतो आणि त्याच्यामागून पाणी वर सरकते, तर कधी आतल्या बाजूला जुना लाकडी तळ काढून काँक्रीटचा कोबा केलेला असतो आणि त्याखालची सारी ओल भिंतीकडे ढकलली जाते. या कशावरही रसायन हा उपाय नाही, कारण पाणी थरातून आलेलेच नसते.

आता भिंतीकडे येऊ. आपल्या घराची बाहेरची भिंत पोकळी नसलेली, सलग विटांची, नऊ इंच जाडीची असणार. दर्शनी बाजूला एक आडवी वीट आणि एक विटेचे डोके असा फ्लेमिश बांधणीचा क्रम दिसत असेल, तर ही खात्री पक्की समजावी, कारण डोके दिसणारी वीट भिंतीच्या आरपार गेलेली असते. समोर यंत्रात दाबलेल्या, धारदार कडांच्या लाल विटा आणि बाजूला व मागे साध्या, ओबडधोबड विटा, ही काटकसर त्या काळच्या बांधकाम व्यावसायिकाची खूण आहे. विटा चुन्यात बांधलेल्या आहेत. येथे एक स्थानिक बाब सांगायला हवी, कारण तिच्यामुळे बाहेरगावच्या कारागिरांचीही फसगत होते. लेस्टरच्या उत्तरेस बॅरो-अपॉन-सोर येथे निळसर चुनखडी भाजून केलेला, पाण्याखालीही घट्ट होणारा चुना प्रसिद्ध होता, आणि या भागात चुन्यात कोळशाची राख मिसळण्याचीही पद्धत होती. त्यामुळे मूळ सांधे करडे किंवा जवळजवळ काळे दिसतात. हे सिमेंटच आहे, असे म्हणून वरून सिमेंटच्या दरजा (विटांमधल्या सांध्यांची तोंडे) भरणारे कारागीर सर्रास आढळतात. नखाने किंवा खिळ्याने खरवडून पाहावे. चुना भुगा होऊन पडतो, सिमेंटवर ओरखडाही मुश्किलीने उठतो.

चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ आणि अधिक सच्छिद्र असतो, आणि तसाच तो असायला हवा. भिंतीवर पडलेला पाऊस काही मिलिमीटर आत शिरतो आणि ऊन-वारा लागला की प्रामुख्याने सांध्यांतून उडून जातो. माठातले पाणी पाझरते, उडते आणि माठ मात्र टिकतो, त्यातलाच हा प्रकार. सांधा सिमेंटने बंद केला की पाण्याला बाहेर पडायला वीटच उरते. मग क्षार विटेच्या तोंडाशी साचतात, थंडीत आतले पाणी गोठून फुगते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडतो. सांधे शाबूत आणि विटा खचलेल्या, अशी भिंत दिसली की तिथे कोणी सिमेंट वापरले हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. माझ्या कामाची सुरुवात महाराष्ट्रातल्या वाड्यांपासून झाली, आणि तिथे घाण्यात (दगडी चाकाखाली) मळलेल्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यावर जे होते, तेच इथे होते. फरक इतकाच की वाड्याच्या भिंतीला वैशाखाचे ऊन मिळते, लेस्टरच्या भिंतीला मिळत नाही, म्हणून येथे दुखणे लवकर वर येते.

आपल्याला दिलेल्या अहवालात, माझ्या अंदाजाने, दोन सुया टोचणाऱ्या लहान यंत्राचे आकडे दिलेले असतील. ते यंत्र मुळात लाकडातली ओल मोजण्यासाठी बनवलेले आहे आणि ते ओल मोजतच नाही, विजेला होणारा विरोध मोजते. जुन्या गिलाव्यातले क्षार, भिंतीला पूर्वी लावलेला धातूचा कागद, इतकेच काय कोळशाच्या राखेचा चुना, यांतल्या कशानेही त्याचा आकडा लाल पट्ट्यात जातो. खरी तपासणी करायची तर भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर आणि खोलीवर छिद्रे पाडून सांध्याचा भुगा काढावा लागतो आणि त्यातले पाणी कॅल्शियम कार्बाइडच्या कुपीत किंवा प्रयोगशाळेत वजनावर मोजावे लागते. वरच्या थरात ओल आणि आत कोरडे, असे निघाले तर ती हवेतल्या बाष्पाची ओल आहे. आत ओले आणि पन्हळीखाली सर्वांत ओले, असे निघाले तर पाणी वरून येत आहे. तपासणी फुकट करणारा आणि नंतर तेच काम विकणारा माणूस निदान करण्यास योग्य नाही. त्याच्या प्रामाणिकपणावर मला शंका घ्यायची नाही, पण त्याच्याकडे औषध एकच आहे.

जमिनीतून ओल चढतच नाही, असे काही जण आवेशाने सांगतात, आणि त्यांच्याशीही मी सहमत नाही. चढते, पण क्वचित, आणि ती साधारण मीटरभराच्या आत थांबते. ती निघालीच, तरी पहिला उपाय बाहेरची जमीन उतरवणे आणि पाण्याचा निचरा करणे हाच असतो. टोचलेले रसायन ओबडधोबड, भेगाळलेल्या चुन्याच्या सांध्यात सलग पसरेल याची खात्री कोणालाच देता येत नाही. अशा कामानंतर भिंत कोरडी दिसते याचे मुख्य कारण पुष्कळदा सिमेंटचा नवा जलरोधक गिलावा हे असते, कारण त्याच्यामागची ओल काही वर्षे दिसत नाही. त्या वर्षांत तळाच्या लाकडी तुळयांची टोके त्याच ओल्या भिंतीत रुतलेली असतात.

म्हणून मी कामाचा क्रम असा लावीन. पहिल्या मुसळधार पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहावे आणि पाणी कुठून पडते हे पाहावे. दर्शनी खोलीची ओल बाहेरच्या उतरत्या नळाजवळ जास्त असेल, तर बिडाच्या नळाची भिंतीकडची बाजू हाताने चाचपून पाहावी. रंग पुढच्या बाजूलाच लागलेला असतो आणि गंज मागून खातो. पन्हळी साफ करून त्यांचा उतार नीट करावा, नळाच्या तळाशी असलेली गटाराची जाळी मोकळी करावी, आणि गटाराची खापरी नळी फुटलेली नाही ना, हे कॅमेरा घालून तपासून घ्यावे. त्यानंतर बाहेरची जमीन उतरवावी. ती उतरवणे शक्य नसेल तेथे भिंतीलगत खडीने भरलेला अरुंद चर करावा. जोत्यातल्या जाळीदार विटा शोधाव्यात. त्या मातीत पुरलेल्या किंवा कोणी थंडीच्या भीतीने लिंपलेल्या असतात. तळमजल्याच्या लाकडी फळ्यांखालची पोकळी याच जाळ्यांतून श्वास घेते, आणि ती कोंडली की लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर जाऊन बुरशीला आमंत्रण मिळते. एखादी फळी उचलून खाली डोकावून पाहावे, तुळयांच्या टोकांत पेचकस घुसतो का तेही पाहावे. टोक मऊ लागले तर ते तेवढेच कापून नवे लाकूड जोडता येते. सगळा तळ उखडून काँक्रीट ओतू देऊ नये.

एवढे झाल्यावर आतला सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढावा आणि थांबावे. हे थांबणे लोकांना सर्वांत जड जाते. ओली वीट-भिंत एका बाजूने महिन्याला साधारण एक इंच या गतीने सुकते असा आमच्या व्यवसायातला ढोबळ हिशेब आहे, म्हणजे नऊ इंचांच्या भिंतीला पाऊण वर्ष द्यायला हवे. त्या काळात खोली ओकीबोकी दिसेल, पण त्याला इलाज नाही. त्यानंतर चुन्याचा गिलावा करावा आणि त्यावर चुन्याची सफेदी, मातीचा किंवा सिलिकेटचा रंग द्यावा. बाजारातला प्लास्टिकयुक्त धुता येणारा रंग दिल्यास केलेल्या कामावर पाणी पडते. बाहेरच्या दरजा मूळ सांध्याला शोभेल अशा सौम्य, पाण्याखालीही घट्ट होणाऱ्या चुन्यात भराव्यात, आणि त्या विटेच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवाव्यात. सिमेंटचे जुने सांधे फिरत्या चकतीच्या यंत्राने कापू देऊ नये, कारण विटांच्या कडा एका क्षणात जातात आणि त्या पुन्हा येत नाहीत. विटेला घट्ट चिकटलेले सिमेंट तसेच सोडणे अनेकदा कमी नुकसानीचे ठरते.

घरात तयार होणाऱ्या बाष्पाचाही हिशेब धरायला हवा. चार माणसांचे कुटुंब श्वास, अंघोळ, स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत सोडते. कुकरच्या शिट्ट्या, उकळणारी आमटी आणि रेडिएटरवर टाकलेले कपडे, असा आपल्या घरांतला हिवाळा असतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो. चुलीवरचा पंखा हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारा नसावा, तो बाहेर काढणारा असावा. एवढ्या एका बदलाने निम्मी तक्रार मिटल्याची घरे मी पाहिली आहेत.

खिडक्यांबद्दल मी अधिक सविस्तर लिहितो, कारण एकदा काढलेली खिडकी परत मिळत नाही. वरखाली सरकणाऱ्या दोन झडपा, त्यांच्या बाजूच्या पोकळ चौकटीत दोरीला टांगलेली बिडाची वजने आणि वर पितळी किंवा लोखंडी कप्पी, असे हे यंत्र आहे, आणि त्याचा कोणताही भाग साधा सुतार बदलू शकतो. बाल्टिक प्रदेशातून आलेल्या, थंडीत सावकाश वाढलेल्या पाइनचे दाट रेषांचे लाकूड आज सहज मिळत नाही. प्रत्येक झडपेत दोनच मोठी तावदाने असतील आणि वरच्या झडपेच्या खालच्या टोकांना लहान शिंगांसारखे कोरीव तुकडे असतील, तर त्यामागेही कारण आहे. काच स्वस्त आणि मोठी मिळू लागल्यावर मधल्या पट्ट्या गेल्या, काचेचे वजन चौकटीच्या सांध्यावर आले, आणि तो सांधा मजबूत करण्यासाठी ही शिंगे ठेवली जाऊ लागली. एका तुकड्यावरून खिडकीचा काळ सांगता येतो तो असा. वरची झडप थोडी खाली आणि खालची थोडी वर सरकवली, की गरम दमट हवा वरून जाते आणि ताजी खालून येते. रंगाच्या थरांनी वरची झडप चिकटून बसलेली असते म्हणून ही सोय लोकांना ठाऊकच नसते.

या खिडक्या थंडी आत आणतात, ही तक्रार खरी आहे, पण दोष बहुतांशी फटींचा असतो, काचेचा त्यामानाने कमी. झडपांच्या कडांना ब्रशच्या पट्ट्या बसवून घ्याव्यात आणि आतल्या बाजूने वेगळी, काढता येणारी दुसरी काच लावावी. अशा दुसऱ्या काचेने जुन्या एकेरी खिडकीतून जाणारी उष्णता निम्म्याहून अधिक कमी होते, असे स्कॉटलंडमध्ये झालेल्या मोजणीत दिसून आले आहे, आणि रात्री जाड पडदे ओढल्यानेही बराच फरक पडतो. प्लास्टिकच्या खिडकीची बिजागरी किंवा काचेची सीलबंद पोकळी काही दशकांत निकामी झाली की पुष्कळदा संपूर्ण खिडकीच टाकली जाते. दुरुस्ती करताना एक सावधगिरी घ्यावी. जुन्या रंगांच्या थरांत शिसे असते, त्यामुळे कोरडे घासू नये, मुले त्या खोलीत असू नयेत, आणि रंग पाण्याने ओला करून किंवा योग्य द्रावण लावून काढावा.

धुराड्याबद्दल माझा विरोध आणखी ठाम आहे. मधल्या खोलीत पुढे आलेला तो विटांचा भाग वरच्या मजल्यावरून छपराच्या वरपर्यंत जातो आणि शेजारच्या घराची धुरकांडी बहुधा त्याच गठ्ठ्यात असते. खालचा भाग पाडला की वरचे कित्येक टन विटकाम कशावर तरी तोलावे लागते. त्यासाठी अभियंत्याची गणिते, पालिकेच्या इमारत नियंत्रण विभागाची मंजुरी आणि १९९६ च्या सामाईक भिंत कायद्यानुसार शेजाऱ्यांना लेखी सूचना, हे सगळे आवश्यक आहे. इतके करून मिळते काय, तर दीड फूट खोलीची पट्टी. त्याऐवजी चुलाण्याचा बंद केलेला कोनाडा उघडावा आणि त्यात आपली शेगडी बसवावी. मूळ घरात स्वयंपाकाची लोखंडी भट्टी बहुधा तिथेच होती आणि पलीकडच्या मागच्या खोलीत, ज्याला आपण मोरी म्हणू, भांडी आणि कपडे धुतले जात. पंख्याची नळी त्याच धुरकांडीतून वर नेता येते. इतर खोल्यांतली चुलाणी बंद असतील, तर प्रत्येकीला खाली एक जाळी आणि वर पाऊस अडवणारी, पण हवा सोडणारी टोपी हवी. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर कोळसा मागे पडत गेला आणि लोकांनी चुलाणी विटांनी बुजवली. आत अडकलेली काजळी हवेतले बाष्प शोषते आणि वरच्या मजल्यावर धुराड्याच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. त्यालाही ओल समजून रसायन टोचलेले मी पाहिले आहे.

जपण्याजोगे काय, याचे उत्तर घराच्या आखणीतच आहे. समोरची खोली पाहुण्यांची, म्हणून छताला नक्षीची कड आणि मध्यभागी गिलाव्याचे फूल, संगमरवराची किंवा तशा रंगाची चुलाणकड (चुलाण्याभोवतीची चौकट). मधली खोली रोजच्या बसण्याची, तिथली कड साधी. मागे काहीच नाही. वर जिना चढताना समोरून दिसणारे कठडे कोरीव आणि वळणानंतरचे सपाट. खर्च कुठे दिसावा आणि कुठे वाचावा याचे इतके उघड गणित क्वचितच पाहायला मिळते. दाराच्या कमानीवर पानाफुलांचे दगडी कोरीवकाम असेल, तर ते कारखान्यात तयार झालेले गॉथिकचे, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीचे, दूरचे पडसाद आहेत. त्याच दशकात मुंबईत फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार बोरीबंदरच्या स्थानकावर हीच भाषा राजवैभवात उतरत होती. हा श्रेणीक्रम मोडू नये, म्हणजे मागच्या साध्या खोलीत नक्षीची नवी कड लावू नये. छतावरच्या गिलाव्याला तडे असतील, तर तो पाडण्याआधी हाताने दाबून पाहावा. लाकडी पट्ट्यांवर केसमिश्रित चुन्याचा हा गिलावा हलत नसेल, तर तडे भरून काम भागते. हलत असेल, तर त्याला वरून पोलादी चकत्या आणि स्क्रूंनी आधार देता येतो. छतावर सत्तरच्या दशकातला खडबडीत नक्षीचा लेप असेल, तर तो खरवडण्याआधी ॲस्बेस्टॉससाठी तपासून घ्यावा.

छपराविषयी एकच गोष्ट. वेल्सची पाटी टिकते, तिचे लोखंडी खिळे टिकत नाहीत. पाट्या घसरू लागल्या की कंत्राटदार काँक्रीटची कौले सुचवतो. ती खूपच जड असल्याने वासे वाकतात. जुन्याच पाट्या उतरवून, निवडून, तांब्याच्या खिळ्यांनी पुन्हा बसवून घ्याव्यात आणि कमी पडतील तेवढ्या त्याच मापाच्या जुन्या विकत घ्याव्यात. येथील कामगार मापांना अजूनही ‘डचेस’, ‘काउंटेस’, ‘लेडी’ अशी सरदारीण नावे देतात, तेव्हा माप विचारताना गोंधळू नये. उष्णता राखण्यासाठी पोटमाळ्यावर लोकर घालणे हे सर्वांत स्वस्त आणि निर्धोक काम आहे, फक्त पाख्यांच्या कडेची हवा अडू देऊ नये.

१८५० नंतरच्या घरांपैकी निवडकच ऐतिहासिक वास्तूंच्या संरक्षित यादीत घेतली जातात, त्यामुळे आपले घर तीत नसेल. तरीही ते संवर्धन क्षेत्रात असू शकते आणि तिथे पालिकेने विशेष आदेश काढून खिडक्या, दार व छप्पर बदलण्याची एरवीची मोकळीक काढून घेतलेली असू शकते. खिडक्यांचा विचार सोडला तरी ही चौकशी करून ठेवावी. गृहकर्ज देणाऱ्या संस्थेने ओलीच्या कामाचे हमीपत्र मागितले असेल, तर जुन्या इमारतींच्या कामाचा अनुभव असलेल्या, काहीही न विकणाऱ्या स्वतंत्र सर्वेक्षकाचा लेखी अहवाल त्यांना द्यावा. संस्था तो पुष्कळदा स्वीकारते. असा माणूस शोधण्यासाठी, विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तू संरक्षण संस्थेचा दूरध्वनी सल्ला उपयोगी पडतो.

आपण शेवटी प्रवेशमार्गातल्या गालिच्याखाली रंगीत फरशी सापडल्याचे लिहिले आहे. ती काढू नये. स्टॅफर्डशरमधील मिंटन किंवा जॅकफिल्डची मॉ अशा कारखान्यांत ही भौमितिक फरशी बनत असे, आणि मुंबईतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातली जमीन पाहिली असेल तर तिचे घराणे आपल्याला ओळखीचे वाटेल. गालिच्याचा चिकटलेला रबर वाफेने किंवा लाकडी पट्टीने हळूहळू सोडवावा आणि सौम्य साबणाने, कमीत कमी पाण्यात धुवावे. आम्ल मुळीच वापरू नये. सैल झालेले तुकडे क्रमांक टाकून उचलावेत आणि चुन्यात पुन्हा बसवावेत. वर चकाकी देणारा प्लास्टिकचा लेप मात्र लावू नये, कारण त्या फरशीखालीही जमीनच आहे आणि तिच्यातली ओल फरशीच्या सांध्यांतूनच बाहेर पडते.